एकट्याने सफाईची कामं घेणाऱ्यांनी नकोशी कामं नाकारावीत का?

शेवंती
मी घरांच्या साफसफाईची कामं स्वतंत्रपणे घेते. कुठल्या कंपनीत नाही, डोक्यावर साहेब नाही, हाताखाली कुणी नाही. मोठं काम असलं तर एक मैत्रीण सोबत येते, तेवढंच. नेहमीची घरं ठरलेली आहेत, मधूनमधून एकदाच करायची मोठी सफाई येते.

परवा एका घरमालकांचा फोन आला. भाडेकरू सोडून गेलाय, घर काही महिने बंद होतं, "थोडं खराब झालंय". फोटो मागितले तर चार पाठवले, चारही दिवाणखान्याचे. स्वयंपाकघराचा एकही नाही, न्हाणीघराचा नाही. वास येतो का विचारलं तर म्हणाले, "खिडक्या उघडल्या की जाईल."

यावरून आमच्या घरात दोन तट पडलेत. बहीण म्हणते, काम ते काम, एकदा नाही म्हटलंस की तो माणूस परत फोन करणार नाही. मुलगा म्हणतो, आई, तू स्वतःची मालक आहेस ना, मग नको असेल तर नको म्हण. दोघांचंही पटतं, म्हणूनच अडकलेय. घाण काढणं हाच आपला धंदा, मग घाण आहे म्हणून काम कसं नाकारायचं? पण काही कामांनंतर दोन-दोन दिवस घास उतरत नाही, हेही खरं.

तुम्ही काय करता? कुठल्या कामाला नाही म्हणता आणि त्याचा पुढे काय परिणाम होतो? या कामातल्या लोकांनी लिहाच, पण ज्यांनी अशी कामं करून घेतली आहेत त्यांचंही ऐकायला आवडेल.

टापटीप
ज्या खोलीचा फोटो येत नाही, खरं काम त्याच खोलीत असतं.

केरसुणी
टापटीप, +१०० :)

शेवंतीताई, आधी जाऊन बघून या. तोवर हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका. बघायला जाण्याचे मी थोडे पैसे घेते आणि काम मिळालं तर बिलातून वजा करते. नकार द्यायची वेळच बरेचदा येत नाही, कारण ज्याला काही लपवायचंय तो बघायला येऊच देत नाही. आणि बघायला गेलात की दिवाणखान्यात उभं राहून बोलू नका. सिंकखालचं कपाट उघडा, गादी उचलून बघा, संडासाच्या टाकीचं झाकण काढा. मालक कुठल्या दारापाशी घुटमळतात तेही बघा.

विश्वंभर
किळस आणि धोका या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपलं नाक किळस ओळखतं, धोका ओळखतंच असं नाही. सगळा गोंधळ इथे होतो.

तुंबलेला संडास, बुरशी धरलेली भांडी, महिनोन् महिने न उचललेला कचरा. पोटात ढवळतं, पण नीट हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, साबण, भरपूर पाणी आणि पुरेसा वेळ असेल तर हे काम होतं. याउलट माळ्यावरच्या वाळक्या उंदरांच्या लेंड्या घ्या. वास नाही, ओल नाही, दिसायला अगदी किरकोळ. त्यावर झाडू मारला की धूळ उडते आणि तीच छातीत जाते. हंटाव्हायरस हा उंदरांकडून येणारा विषाणू मुख्यतः अशा धुळीतूनच माणसाला लागतो. तिथे झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही. खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबायचं, मग निर्जंतुकाने सगळं भिजवायचं, किमान पाच मिनिटं मुरू द्यायचं आणि फडक्याने टिपून घ्यायचं. पक्ष्यांची वाळलेली विष्ठासुद्धा अशीच ओली करूनच काढायची.

रक्ताचंही तसंच. वाळलेला डाग बघून लोक निर्धास्त होतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. ही कामं घेणाऱ्या प्रत्येकाने त्याची लस घेतलेली असलीच पाहिजे, यात मला चर्चेला जागा वाटत नाही.

मी माझ्यापुरतं ठरवलंय: नुसती किळस असेल तर दर वाढवतो. धोका असेल आणि त्याला लागणारं साहित्य किंवा शिक्षण माझ्याकडे नसेल तर काम सोडतो, मग पैसे कितीही मिळोत.

गोदाक्का
विश्वंभरराव, हे हातात कामं भरपूर असलेल्या माणसाचं बोलणं झालं. ज्याच्या वहीत पुढचा आठवडा कोरा आहे त्याला विचारा. मी सुरुवात केली तेव्हा जे आलं ते घेतलं. इतरांनी टाकलेली कामं मला यायची, आणि त्याच कामांनी मला माणसं जोडून दिली. ज्या बाईंचं घर मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा जमिनीचा रंग दिसत नव्हता, त्यांच्या दोन्ही मुलींची घरं आज माझ्याकडे आहेत. अडचणीच्या वेळी जो येतो त्याला लोक विसरत नाहीत.

नाही म्हणणं सोपं असतं असं नाही, पण त्याची किंमत कुणी मोजावी? एकटीचा धंदा आहे, पगारी रजा नाही, आजारपणाचे पैसे नाहीत. शेवंती, तुझी बहीण बरोबर बोलतेय.

रानजाई
गोदाक्का, तुमच्या मेहनतीबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही.

पडेल ते काम घेतलं की नाव होतं, हे खरं. पण कसलं नाव? "ती सगळं करते" असं एकदा झालं की लोक चांगली, नेहमीची, दर आठवड्याची घरं दुसरीला देतात आणि तुम्हाला बोलावतात ते फक्त गळ्याशी आल्यावर. मी यातून गेले आहे. एका दलालाची सगळी सोडलेली घरं माझ्याकडे यायची, एकाहून एक वाईट. आणि दर मात्र साध्या घराचा, कारण पहिल्यांदा मी त्या दरात हो म्हटलं होतं. दर वाढवते म्हटल्यावर तो म्हणाला, "आजवर तर करत होतीस." मग मी त्याची कामं घेणं बंद केलं. एक-दोन महिने ओढाताण झाली. त्यानंतर वही भरली ती नियमित घरांनी, कारण आता माझ्याकडे त्यांच्यासाठी वेळ होता.

दुसरं म्हणजे शरीर. एका वाईट कामात दिवस जातो आणि दुसऱ्या दिवशी पाठ उठत नाही. मग त्या दुसऱ्या दिवशीचं नेहमीचं घर चुकतं. तो तोटा कुणी बिलात धरत नाही.

गोदाक्का
दलालाचं काम आणि माणसाचं काम यात फरक आहे. दलालाला मीही दारात उभा करत नाही.

निरभ्र
मी या धंद्यातला नाही. शेवंतीताईंनी कामं करून घेणाऱ्यांनाही विचारलंय म्हणून लिहितोय.

माझे काका एकटे राहायचे. ते गेल्यावर घर उघडलं तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. वर्तमानपत्रांचे गठ्ठे छातीपर्यंत, मधून एकच माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, न्हाणीघरात बादल्यांवर बादल्या आणि प्रत्येकीत रिकाम्या बाटल्या. साठवणुकीचा हा विकार असतो हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या २०१३ च्या वर्गीकरणात त्याला पहिल्यांदा स्वतंत्र विकाराची जागा मिळाली, तोवर तो दुसऱ्या आजारात धरला जायचा. आम्हाला मात्र तेव्हा फक्त लाज वाटत होती.

तीन जणांना बोलावलं. पहिले गृहस्थ आले, दारात उभे राहिले, नाकाला रुमाल लावला, "माणसं राहतात का इथे?" म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या बाईंनी फोनवरच सगळं नीट विचारून घेतलं आणि सांगितलं, "एकटीने होणारं हे काम नाही, माझ्याकडे तेवढं साहित्यही नाही. पण एकांचा नंबर देते." तिसऱ्या त्या नंबरवाल्या ताई.

नकार दोघांनी दिला. एकाचा अजून आठवतो तेव्हा आईचा चेहरा समोर येतो. दुसरीचे आम्ही आजही आभार मानतो. तेव्हा नाकारावं की नाही यापेक्षा कसं नाकारावं, याचा आमच्यासारख्यांना जास्त फरक पडतो.

त्या तिसऱ्या ताई कशा काम करायच्या ते सांगतो. कुठलीही वही, कुठलंही पाकीट फेकण्याआधी झटकून बघायच्या. हाताने लिहिलेलं काहीही असलं की एका वेगळ्या खोक्यात. त्या खोक्यात आम्हाला काकांची जमिनीची कागदपत्रं सापडली, आणि आजीने त्यांना लिहिलेली पत्रंसुद्धा.

शेवंती
निरभ्र, मनापासून धन्यवाद. हे वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही.

मंजिरी_
इथे अवांतर होईल, पण वासाचं काय करता सगळे? मी नाकाखाली बाम लावते.

केरसुणी
मी पण लावायचे. आमच्यातल्या एका जुन्या ताईंचं म्हणणं की बामने नाक आणखी मोकळं होतं आणि वास जास्त लागतो. मी सोडून दिलं. आता मास्कच्या आत काही नाही, फक्त दर तासाला बाहेर येऊन उभी राहते.

टापटीप
बाम लावून वास जात नाही. वासाला बामचा वास येतो.

विश्वंभर
हा हा! टापटीप, बरोबर.

मंजिरीताई, वास मारण्यापेक्षा त्याचं मूळ काढा. मांजराच्या मुताचा वास धुऊनही परत येतो, कारण त्यातल्या यूरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात सहजी विरघळत नाहीत. हवेत ओल आली की पुन्हा दरवळ सुरू. त्याला विकरांचं, म्हणजे एन्झाइमचं क्लीनर लागतं आणि ते बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओलं राहू द्यावं लागतं. घाईने पुसलं तर पैसे वाया.

रसायनवाला
मुताचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, सफाईचं काम करत नाही, पण माझ्याकडे हा प्रश्न घेऊन खूप जण येतात.

मूत्रातला युरिया जिवाणूंमुळे फुटतो आणि अमोनिया तयार होतो. अशा जागी ब्लीच ओतलं की क्लोरामाइनचे वायू निघतात. डोळे, घसा, फुप्फुसं सगळ्यांना त्रास. संडासात आम्लाचं क्लीनर टाकून वर ब्लीच ओतलं तर क्लोरीन निघतो, तो त्याहून वाईट. "दोन्ही टाकलं की दुप्पट स्वच्छ" हा समज डोक्यातून काढून टाका. आणि एन-९५ मास्क यातलं काहीही अडवत नाही. तो धुळीचे, थेंबांचे कण अडवतो, वायू त्यातून सरळ आत येतो.

आणखी एक. ब्लीच घाणीवर ओतू नका, आधी घाण काढा, धुवा, मग ब्लीच. सेंद्रिय मळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. पातळ केलेलं ब्लीच रोजच्या रोज नवं करा.

नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. सहा हजारांहून जास्त लोकांची फुप्फुसं २० वर्षांच्या काळात तपासली. सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची ताकद सफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा लवकर घटलेली दिसली, मग ती सफाई घरची असो की पोटापाण्याची. संशोधकांचं म्हणणं होतं की बहुतेक ठिकाणी मायक्रोफायबरचं फडकं आणि पाणी पुरतं. म्हणून शेवंतीताई, तुमच्या प्रश्नाला माझी पुस्ती: किळसवाण्या कामाला नाही म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण "हेच जहाल औषध मारा" असा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला नक्की नाही म्हणा. त्याचं घर अगदी लख्ख असलं तरी.

केरसुणी
सर, शेवटचं वाक्य छापून भिंतीला लावते. मी आता फवारा हवेत मारतच नाही, फडक्यावर घेते. खोकला बराच कमी झालाय.

मुकादम
मी बरीच वर्षं माणसं घेऊन सफाईची मोठी कामं केली. एका प्रकारच्या कामाला मी कधीही हो म्हटलेलं नाही आणि कुणीही म्हणू नये. टाकीत, चेंबरमध्ये, बंद खड्ड्यात उतरणं.

"पाणी काढलंय, आत फक्त गाळ आहे, दहा मिनिटांचं काम" असं सांगतात. गाळात पाय पडला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास असतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो वायू साधारण १०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांवर पोचला की नाकच काम करेनासं होतं. आतल्याला वाटतं वास गेला, हवा मोकळी झाली. मग तो पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. दोघं-तिघं एकदम जातात ती अशी.

इथे दर वाढवून मागायचा नाही, आगाऊ रक्कम घ्यायची नाही, "बघू" म्हणायचं नाही. यंत्र मागवा, असं सांगून बाहेर पडायचं. गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं. आणि गोदाक्का, हे तुम्हाला उद्देशून नाही, पण "जे आलं ते घेतलं" हे वाक्य नवीन पोरं वाचतात, म्हणून कळकळीने लिहितोय.

गोदाक्का
मुकादम, मान्य. जे आलं ते म्हणजे घरातली घाण, एवढंच माझ्या मनात होतं. टाकीत मी कुणाला उतरू देणार नाही.

मोगरा
सगळे घाणीबद्दल बोलताहेत. मी सर्वात जास्त वेळा ज्या कामांना नाही म्हटलंय ती घरं स्वच्छ होती.

एक गृहस्थ फोनवर तीनदा विचारतात, "एकट्याच येणार ना?" दुसरे म्हणतात, कामाच्या वेळी मी घरीच असतो, दार आतून लावून घेतो. आणखी एक जण मी ओट्यावर चढून काम करत असताना मागे खुर्ची टाकून बसायचे. घरात धुळीचा कण नव्हता. मी बादली रिकामी केली, फडकी पिळली, माझं सामान उचललं आणि "पुढच्या आठवड्यापासून जमणार नाही" एवढंच सांगून निघाले. कारण दिलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, यावरून काय ते समजा.

नोकरीत असतं तर तक्रार कुणाकडे करायची हे तरी माहीत असतं. आपल्याला दार उघडायच्या आधीच ओळखावं लागतं. माझ्याकडे आता साधी पद्धत आहे. नव्या घराचा पत्ता आणि वेळ आधी बहिणीला पाठवते, आणि हे मी गिऱ्हाइकासमोर बोलूनही दाखवते. ज्याला ते खटकतं, त्याच्याकडे मी जात नाही.

रानजाई
मोगरा, तुला घट्ट मिठी. हे आधी कुणीतरी लिहायला हवं होतं.

अनुच्छेद
मोगरा यांच्या मुद्द्याला धरून थोडं. कामाच्या जागी जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं वाटायला वाजवी कारण असेल, तर तिथून बाहेर पडणाऱ्या कामगारावर कारवाई होऊ नये, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या कराराच्या १३ व्या कलमात आहे. २०२२ मध्ये संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हे कामाच्या मूलभूत तत्त्वांमध्ये धरलं आणि हा करार मूलभूत करारांत गेला.

हे संरक्षण डोळ्यांपुढे ठेवतं ते मालक आणि नोकर असं नातं. स्वतःचा धंदा करणाऱ्याला मालकच नाही. त्याच्यावर कारवाई करणारं कुणी नाही, तशी त्याची काळजी घ्यायला बांधलेलंही कुणी नाही. त्यामुळे पगारी माणसाने जे काम कायद्याच्या आधाराने सोडलं असतं, ते आपण "गिऱ्हाईक जाईल" या भीतीने करत बसतो. शेवंतीताईंचा मुलगा म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. त्या स्वतःच्या मालक आहेत, म्हणजे स्वतःच्या कामगाराची काळजी घेणंही त्यांच्याच गळ्यात आहे.

आणि ज्यांनी विमा काढलाय त्यांनी पॉलिसी वाचून घ्या. रक्त, सुया, विष्ठा यांची सफाई त्यात वगळलेली असू शकते.

मंजिरी_
अनुच्छेद, हे वाचून विमा बाहेर काढलाय. इतकी बारीक अक्षरं का असतात देव जाणे.

शेवंती
मंडळी, काल जाऊन आले. केरसुणीने सांगितलं तसं सगळं उघडून बघितलं.

दिवाणखाना फोटोसारखाच, चांगला. स्वयंपाकघरात फ्रीज, वीज बंद, दार लावलेलं. खालून काळपट चिकट ओघळ थेट सिंकपर्यंत. सिंकखाली उंदरांच्या लेंड्या, भरपूर. न्हाणीघर वाईट, पण ते मला जमण्यातलं. आतल्या खोलीत गादी. मी कोपरा उचलायला हात घातला आणि विश्वंभर यांचं लिहिणं आठवून हात काढला, मोबाइलचा उजेड मारला. भिंत आणि गादीच्या फटीत इंजेक्शनची सुई, टोपण नसलेली. एक दिसली म्हणजे आणखी असणार.

मालक दारातच उभे होते. म्हणाले, "ते माझ्या लक्षात नव्हतं." मी काही बोलले नाही.

आता माझा विचार असा: दिवाणखाना, न्हाणीघर आणि सिंकखालचं मी घेते, लेंड्या ओल्या करून काढते. फ्रीज आणि आतली खोली घेत नाही. अर्धं काम घेणं बरोबर आहे का? बहीण म्हणते, असं तुकड्यातुकड्याने कुणी देत नाही.

विश्वंभर
अगदी बरोबर करताय. मात्र क्रम पक्का ठेवा. आधी सुयांवाली खोली जाणकाराने मोकळी करायची, मग तुम्ही पाऊल टाकायचं. सुया फक्त त्या खोलीतच असतील हे कशावरून? सिंकखाली हात घालण्याआधी उजेड आणि चिमटा. सुई दिसलीच तर चिमट्याने उचलून जाड भिंतीच्या डब्यात, टोपण लावायचा प्रयत्न करायचा नाही. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवायचं आणि तडक डॉक्टर. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली.

रानजाई
आणि उक्तं घेऊ नका! अशा घराला तासाचा दर लावा. ओट्यामागे काय आहे ते ओटा खरवडल्याशिवाय कळत नाही. उक्तं घेतलं की गिऱ्हाइकाने लपवलेल्या प्रत्येक गोष्टीचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

गोदाक्का
शेवंती, सुई बघितल्यावर मीही म्हणेन, ती खोली सोड. पण फ्रीज का सोडतेस? त्याचे वेगळे पैसे मिळतात.

केरसुणी
आक्का, महिनोन् महिने बंद पडून सडलेला फ्रीज साफ करून उपयोग नाही. पाझरलेलं पाणी आतल्या फोममध्ये मुरतं, वरून कितीही धुवा, वास परत येतो. दार उघडायचंच नाही. चहूबाजूंनी रुंद चिकटपट्टी मारायची, जाड दोरीने बांधायचं आणि आहे तसा भंगारात. ते दोन दणकट माणसांचं काम आहे, एकट्या बाईचं नाही. खालचा ओघळ तेवढा शेवंतीताईंनी घ्यावा.

टापटीप
दार उघडू नका यावर माझं दुप्पट अनुमोदन. शेजाऱ्यांच्या वतीने.

शेवंती
:) ठरलं तर. पण मालकांना सांगायचं कसं? मला समोरासमोर नाही म्हणणं जड जातं. कारण द्यावं की नुसतं जमणार नाही म्हणावं?

गोदाक्का
कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्यावर घासाघीस सुरू होते. "हातमोजे मी आणून देतो", "माझा भाऊ मदतीला येईल". नाही म्हटलं की नाही.

निरभ्र
गोदाक्का, गिऱ्हाईक म्हणून सांगतो, कारण कळलं तर आम्हाला पुढे कुणाला बोलवायचं ते कळतं. त्या दुसऱ्या बाईंनी "साहित्य नाही, एकटीचं काम नाही" असं सांगितलं म्हणून आम्ही योग्य माणसाकडे पोचलो. नुसतं "जमणार नाही" म्हटलं असतं तर आम्ही चौथ्या, पाचव्या एकट्या माणसाला बोलावत बसलो असतो.

मोगरा
दोन्ही बरोबर. जागेमुळे नाही म्हणत असाल तर कारण द्या. माणसामुळे नाही म्हणत असाल तर देऊ नका.

रानजाई
मी लिहूनच पाठवते, बोलत नाही. शेवंती, हे हवं तर तसंच्या तसं घे: "नमस्कार. घर पाहिलं. दिवाणखाना, न्हाणीघर, सिंकखालचा भाग आणि फ्रीजखालचा ओघळ मी तासाच्या दराने करीन. आतल्या खोलीत उघड्या सुया आहेत, त्या वैद्यकीय कचरा हाताळणाऱ्यांकडून काढून घ्याव्यात. फ्रीज न उघडता बांधून भंगारात द्यावा. ही दोन कामं झाल्यावर कळवा, मी येईन. अर्धी रक्कम आगाऊ." सोबत सुईचा फोटो जोड. यात माफी कुठेही मागितलेली नाही, ते मुद्दाम.

शेवंती
पाठवलं. फक्त शेवटी "धन्यवाद" घातलं.

मंजिरी_
आणि?

शेवंती
अजून दोन निळ्या खुणा, उत्तर नाही. बहीण माझ्याकडे बघतेय.

मुकादम
येईल. नाही आलं तरी दिवस वाया गेला नाही, सुई हातात घुसली नाही.

शेवंती
आलं! "खोली आणि फ्रीजचं मी बघतो. तासाचा दर जास्त वाटतो, पण ठीक." आगाऊ रक्कम उद्या देतो म्हणाले. बहीण म्हणतेय, तुझे हे लोक कोण आहेत, मलाही दाखव.

गोदाक्का
आगाऊ रक्कम हातात आल्याशिवाय बादली उचलू नकोस.

सदाफुली
नवीन सदस्य, बराच वेळ वाचतेय. माझा प्रश्न थोडा पुढचा आहे. सगळं बघून काम घेतलं, अर्धं झालं, आणि मग कपाट हलवल्यावर मागे असं काही सापडलं तर? काम अर्ध्यात सोडलं तर पैसे बुडतात, पुरं केलं तर जिवाशी खेळ. मागच्या महिन्यात माझ्यावर ही वेळ आली आणि गिऱ्हाईक म्हणालं, "अर्धवट कामाचे पैसे कसले?"

विश्वंभर
सदाफुली, स्वागत. ही वेळ प्रत्येकावर येते, म्हणून सुरुवातीच्या मेसेजमध्येच एक ओळ घालून ठेवायची: सुया, रक्त, उंदीर-घुशींची घाण, मोठी बुरशी असं आधी न दिसलेलं काही सापडलं तर काम तिथे थांबेल आणि तोवरच्या तासांचे पैसे द्यावे लागतील. हे आधी कबूल करून घेतलं की नंतर वाद कमी होतात.

आणि सापडलंच तर हात लावायचा नाही, जिथे आहे तिथेच फोटो काढायचा, मालकांना लगेच फोन करायचा. ते येईपर्यंत दुसऱ्या खोलीतलं उरलेलं काम उरकून घ्यायचं, म्हणजे झालेल्या कामाचा हिशेब स्पष्ट दाखवता येतो. पैसे तिथेच मागायचे, घराची किल्ली परत द्यायच्या आधी.